थेंबात उतरलेले प्रेमदास

दर गुरुवारी नालवाडीच्या टोकाला असलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. पवनारपासून, सेलूपासून, पार देवळीकडून माणसं यायची, आणि प्रत्येकाच्या पिशवीत घरातल्या मेलेल्या माणसाचा एक फोटो असायचा. शेडच्या एका टोकाला लाकडी देव्हारा होता. देव्हाऱ्यात तांब्याचा कलश, कलशाला खाली बारीक तोटी, समोर जाड लाल पडदा, आणि पडद्याला कॅमेऱ्याची नळी मावेल एवढंच भोक. धाम नदीच्या पाण्याचा थेंब तोटीला लोंबकळला की आत फ्लॅश उडायचा आणि बाजूच्या भल्यामोठ्या टीव्हीवर तो थेंब दिसायचा. थेंबात चेहरा असायचा. बायका हंबरडा फोडायच्या, पुरुष बसल्या जागी आडवे पडायचे.

"आत्मा काय असते?" ओमप्रकाश महाराज माईकवर विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "आत्मा असते ऊर्जा! आणि पाणी काय असते? तुमच्या मोबाईलात कार्ड राह्यते ना, तसं पाणी म्हणजे भगवंताचं मेमरी कार्ड! साइन्स आता कुठं इथपर्यंत येऊन राह्यलं!"

एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, "महाराज, आत्मा बोलवाले फोटो कायले लागते?"

"वर गर्दी केवढी हाये, बाबा! फोटो नसला आन् भलत्याचीच उतरली तर घरी नेशीन का?"

सगळे हसले, म्हातारा खजील झाला, आणि तो प्रश्न तिथेच मेला. पडदा कशाला, असंही कोणी विचारत नसे, कारण आत्म्याला उजेड सोसत नाही हे महाराजांनी आधीच सांगून ठेवलं होतं. फ्लॅशचा उजेड मात्र त्याला कसा सोसतो, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

त्या गर्दीत सुलोचनाबाईंनी असायला नको होतं. त्यांच्या बैठकीत भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांची तसबीर होती. सासऱ्यांनी लावलेली, अजून रोज पुसली जाणारी. पहिल्या गुरुवारी निघताना सुलोचनाबाईंनी तसबिरीकडे न बघता दार ओढून घेतलं होतं. शेजारच्या प्रमिलाबाईंनी हात धरून नेलं, हे खरं. पण हात धरायला कोणीतरी हवंच होतं, हेही तितकंच खरं.

त्यांचे यजमान प्रेमदास जाऊन चौदा महिने झाले होते. सिंदी रेल्वे या गावी दोघांचा फोटो स्टुडिओ होता. ते फोटो काढायचे, त्या फोटो धुवायच्या, आणि पुढे कॉम्प्युटर आल्यावर चेहऱ्यावरचे डाग पुसायच्या. सिंदीतल्या निम्म्या नवऱ्या मुली त्यांनी गोऱ्या करून दिल्या होत्या. आता स्टुडिओ बंद होता, मुलगा हैदराबादला होता, आणि तो रविवारी फोन करून गोळ्या घेतेस का, बिल भरलंस का एवढं विचारायचा. चार मिनिटांत फोन संपायचा. सिलिंडरची नोंदणी झाली आहे असं सांगणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या बाईचं बोलणंसुद्धा सुलोचनाबाई शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या.

दुसऱ्या गुरुवारी थेंबात प्रेमदास आले. पांढरा सदरा, बारीक मिशी, किंचित हसू.

"ते म्हणून राह्यले," महाराज डोळे मिटून म्हणाले, "एकटी नोको राहू. दर गुरुवारी येत जाजो."

चौदा महिन्यांत त्यांना कोणी ये म्हटलं नव्हतं. थेंबाचा छापील फोटो घेऊन त्या घरी आल्या आणि पोटभर रडल्या.

पण गुरुवार सात दिवसांनी यायचा. मधले सहा दिवस कसे काढायचे? हे आपण घरी का करू नये, असं त्यांच्या मनात आलं. कॅमेरा होता, फ्लॅश होता. प्रेमदासांच्या शेवटच्या आजारपणातला सलाईनचा एक न वापरलेला सेट कपाटात तसाच होता. त्यांनी तो स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला, बाटलीत धामचं पाणी भरलं, खाली परात ठेवली. सलाईनचं चाक फिरवून मिनिटाला सहा थेंबांवर आणलं. थेंब जिथे लोंबकळणार तिथे आधी सुईचं टोक धरून फोकस जमवला. सलग चार दुपारी त्या एकट्या त्या परातीपुढे बसल्या.

फोटो सुरेख आले. परातीत थेंब पडला की पाण्याचा मुकुट उसळायचा, मग मधोमध एक खांब उठायचा आणि त्याच्या डोक्यावर आणखी एक थेंब उडायचा. एरवी त्यांनी हे फोटो प्रेमदासांना दाखवले असते आणि ते म्हणाले असते, "अवं, हे तं भारीच झालं!" पण प्रेमदास कुठल्याच थेंबात नव्हते. तोटीला लोंबकळणाऱ्या प्रत्येक थेंबात फक्त मागची खिडकी होती. गजांसकट, बारीक, स्वच्छ, आणि उलटी. कडुलिंबाचा शेंडा खाली, आभाळ त्याच्याही खाली.

सुलोचनाबाईंच्या हातातलं काम थांबलं. तीस वर्षं भिंगांशी संसार केलेल्या बाईला हे कळत नव्हतं असं नाही. तिला ते कळून घ्यायचं नव्हतं.

तेवढ्यात प्रमिलाबाई आल्या. त्यांचा चेहरा सुजलेला, डोळे लाल. "डोकं लय गरगर करून राह्यलं, वहिनी."

"बीपीची गोळी घेतली का?"

"बंद केली. मागच्या गुरुवारी रक्षानंच सांगितलं ना थेंबातून. म्हणे आई, गोळ्या सोड, तीर्थ घे. पोरगी कधी आईचं वाईट सांगन का?"

रक्षा त्यांची एकुलती मुलगी. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली. सुलोचनाबाईंनी रिक्षा बोलावली, प्रमिलाबाईंना दवाखान्यात नेलं, डॉक्टरांसमोर गोळी घ्यायला लावली. परत आल्यावर त्यांनी थेंबाचा तो छापील फोटो उजेडात धरला, आणि या वेळी बायकोच्या नाही, कारागिराच्या नजरेने पाहिला.

प्रेमदासांच्या डाव्या भुवईवर डाग होता. स्टुडिओ उघडला त्याच दिवशी दुकानाचं शटर निसटून कपाळावर बसलं होतं, तीन टाके पडले होते. तो डाग थेंबात नव्हता. भिंतीवरच्या हाराच्या फोटोतही, ज्याची प्रत त्यांनी शेडमध्ये दिली होती, तो नव्हता, कारण तो त्यांनीच पुसला होता, हजारो चेहऱ्यांवरचे पुसले तसाच, हाताच्या सवयीने. मेलेला माणूस वरून येताना शटरचा डाग पुसून येतो?

त्यांनी हाराच्या फोटोची छोटी प्रत चिमट्याने थेंबाच्या मागे, वीतभर अंतरावर लावली. डोकं खाली, सदरा वर. क्लिक.

प्रेमदास आले. सरळ, हसरे, जसे शेडमध्ये आले होते अगदी तसेच. सुलोचनाबाई परातीशेजारी जमिनीवर बसल्या. आता गुरुवारची वाट पाहायची गरज नव्हती, आणि जायलाही कुठे उरलं नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. कोणाला कळलं असतं? पण प्रमिलाबाईंच्या गोळ्या डोळ्यांपुढून हलेनात.

गुरुवारी शेडबाहेर चहावाल्याच्या टेबलावर सलाईन टांगलेलं दिसलं. रांगेत ताटकळलेली माणसं भोवती जमली.

"का करून राह्यले, बाई?"

"थेंबात माणूस आणते. या, पाहा."

थेंबामागे त्यांनी महाराजांच्या पत्रकावरचा खुद्द महाराजांचा फोटो उलटा लावला होता. पहिल्या माणसाने कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून पाहिलं आणि तो ओरडला, "अरे, हे तं महाराज व्हय! थेंबात महाराज!"

गलका ऐकून महाराज स्वतः बाहेर आले. सुलोचनाबाई पुढे झाल्या. "महाराज, तुमचा आत्मा थेंबात उतरला. तुमी कवा गेले?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. महाराज गरजले, "हे जादूटोणा करून राह्यली! पाण्याचा अपमान व्हय हा!"

"जादू नाई. थेंब म्हणजे भिंग. मागं जे ठेवलं ते उलटं दाखवते. फोटोच उलटा लावला का माणूस सरळ दिसते. माहं टेबल उघडं हाये, कोणीही मागं येऊन पाहा. आता तुमचाही पडदा सरकवा."

महाराज म्हणाले, आत्मा कोपेल. पण प्रश्न विचारून खजील झालेला तो म्हातारा सरळ आत गेला आणि त्याने पडदा ओढला. कलशामागे एका चिमट्यात कुणाच्या तरी आईचा फोटो होता, डोकं खाली करून. शेजारच्या फाईलमध्ये आजच्या सगळ्या रांगेची मेलेली माणसं एकावर एक ठेवलेली होती. म्हाताऱ्याने आपल्या बायकोचा फोटो शोधला, सरळ केला आणि खिशात ठेवला. मग शिव्या सुरू झाल्या, खुर्च्या पडल्या, आणि पोलीस येईपर्यंत महाराज मागच्या दाराने गाडीत बसून निघून गेले होते.

सुलोचनाबाईंना कोणी शाबासकी दिली नाही. फोटो शोधून लोक मुकाट्याने पांगले. प्रमिलाबाई तेवढ्या थांबल्या. "तुमाले का भेटलं, वहिनी? माही पोरगी आठ दिवसांनी तरी दिसत होती मले."

"ते रक्षा नव्हती, बाई. रक्षाचा फोटो होता, आन् तो तुमच्या घरीच हाये. माहाही माणूस गेलाच ना त्यात! मले का कमी वाटत होतं? पण रक्षा असती तं तिनं गोळी सोडाले सांगितलं असतं का, एवढंच सांगा."

प्रमिलाबाई पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

"आन् सगळ्याईनंच ध्यानात ठेवा," सुलोचनाबाई मागे उरलेल्या चार-पाच जणांना म्हणाल्या, "कोणी चमत्कार दाखवला तं पाया पडाच्या आधी मागं जाऊन पाहा. पडदा असन तं सरकवा. आन् गोळी डॉक्टरले इचारल्याशिवाय सोडू नोका."

आठ दिवस प्रमिलाबाईंचं दार बंद होतं. नवव्या दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला, "घेतली वो गोळी." एवढंच.

त्या दुपारी सुलोचनाबाईंनी परात धुऊन ठेवली. भिंतीवरचा हाराचा फोटो उतरवला, काच काढली, आणि खोक्यातली रिटचिंगची जुनी पेन्सिल टोकदार केली. डाव्या भुवईच्या वर, तीन टाक्यांएवढा, त्यांनी डाग परत रेखाटला. हात जराही चुकला नाही.

फोटो काही बोलणार नव्हता. कुठल्याच गुरुवारी त्यांना कोणी बोलावणार नव्हतं. पण भिंतीवर आता त्यांचा नवरा होता, आणि तो गेलेला होता.