ड्रॅगनच्या तोंडातला दगड

शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून तुओ मानथांगने हातोडीच्या दांड्याने नव्या शाळेच्या कमानीवर दोनदा ठोकलं. मग कान लावून आणखी एकदा. खाली लाल कापड घातलेल्या टेबलामागे जिल्ह्याहून आलेली मंडळी उभी होती, आणि माझ्या शाळेची अकरा मुलं पावांच्या टोपलीवर डोळे लावून बसली होती.

"काका, बसवा दगड," गावचा सचिव हाओ माइकवर हात ठेवून हळूच म्हणाला. "कॅमेरा चालू आहे."

दगड मानथांगच्या काखेत होता, लाल दोरा बांधलेला. आमच्याकडे दगडी कमानीचं घर पुरं होताना मधल्या कमानीच्या माथ्यावर एका दगडाची जागा मोकळी ठेवतात. तिला ड्रॅगनचं तोंड म्हणतात. गवंडी त्यात पाच धान्यं ठेवतो, दगड बसवतो, आशीर्वादाच्या ओळी म्हणतो आणि वरून वाफवलेले पाव उधळतो. दगड बसला की घराची हमी गवंड्याची. मानथांगने अशी दोनशेच्या वर तोंडं बंद केली होती. त्यातलं एकही घर खचलेलं नाही.

गेली दहा वर्षं मात्र त्याला कोणी बोलावत नव्हतं. तोच दारोदार जाऊन सांगायचा, की बाबांनो, सिमेंटचे डबे बांधू नका. हातभर जाडीची दगडी कमान घाला, वर छातीइतकी माती टाका, तोंड दक्षिणेला ठेवा. हिवाळ्यात कोळसा निम्मा लागेल, उन्हाळ्यात पंखा लागणार नाही. लोक चहा पाजायचे आणि त्याची पाठ फिरली की म्हणायचे, घूस आली होती. मुलाचं लग्न ठरवायला निघालेल्या एका बाईने तर तोंडावरच सुनावलं होतं, "तात्या, बिळात मुलगी कोण देतं हो?"

"नाही दिली तर नाही," मानथांग म्हणाला होता. "पण सून कुडकुडायला लागली की मला हाक मारू नकोस."

शाळा नवी बांधायची ठरली तेव्हा तो माझ्याकडे आला. मोठी माणसं ऐकत नाहीत, म्हणाला, तुझ्या मुलांना आकडे वाचता येतात ना? आम्ही दोन तापमापक आणले. एक शाळेच्या जुन्या सिमेंटच्या खोलीत टांगला, दुसरा मानथांगच्या घरात. मुलांनी तीन हिवाळे रोज दोन्ही आकडे वहीत लिहिले. काय लिहायचं ते मी सांगितलं नाही. नीट बघून लिहा, एवढंच सांगितलं. गावच्या सभेत लान्यिंग नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने ती वही मोठ्याने वाचली. शाळेत चार, तुओ आजोबांकडे चौदा. शाळेत तीन, आजोबांकडे चौदा. पाचव्या पानाला हात वर व्हायला लागले. शाळा दगडी कमानीची आणि मातीच्या छपराची होणार, असा ठराव झाला. मानथांगने माथ्याचा दगड त्याच आठवड्यात घडवायला घेतला.

मग त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना तो मुलीकडे शहरात होता. त्या दीड महिन्यात शाळा उभी राहिली. ती कशी उभी राहिली ते मी रोज बघत होतो. वीतभर सिमेंटची भिंत, वर सपाट स्लॅब, पुढे थर्माकोलची कमान आणि तिच्यावर दगडाच्या रंगाच्या फरशा. हाओ माझाच विद्यार्थी. म्हणाला, सर, नकाशा वरून आलाय, 'हरित शाळा' अशी पाटीही मिळणार आहे, दिसायला तर तसंच आहे, आणि काकांना आत्ता ताप देऊ नका, डोळा नाजूक आहे. मी मान डोलावली. ऑपरेशन मानथांगच्या डोळ्याचं होतं, पण पट्टी मी बांधून घेतली होती.

आता तो शिडीवरून माझ्याकडे बघत होता.

"मास्तर, हे तू पाहिलं होतंस?"

मी हो म्हणालो. याहून जड शब्द मी आजवर उच्चारलेला नाही.

हाओ शिडीला बिलगला. "काका, नुसता टेकवा. बाकीचं नंतर बघू."

"नंतर कधी? थंडीने पोरांची बोटं सुजल्यावर?" मानथांगचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "अरे, कमान भार घेते. ही काय घेते? गोंद? पोरांनी तीन वर्षं आकडे लिहिले ते तुझ्या पाटीवर हिरवा रंग लावायला?"

जिल्ह्याच्या मंडळींपैकी एकाने घड्याळ पाहिलं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "तात्या, पोरं ताटकळलीत हो, उरका."

मानथांगने खाली मुलांकडे पाहिलं. दगड काखेतच ठेवून त्याने एका हाताने टोपली वर घेतली आणि पाव उधळले, मूठमूठ, प्रत्येक मुलाच्या अंगावर पडतील असे. आशीर्वादाची एकही ओळ म्हटली नाही. टोपली रिकामी झाली तसा तो दगडासकट खाली उतरला आणि मधल्या वाटेने, माझ्या अंगावरून, घरी गेला.

दुसऱ्या दिवशी ड्रॅगनच्या तोंडात एक फरशी चिकटवली. 'हरित शाळा' अशी पाटी लागली. ती अजून चकचकीत आहे.

यंदा थंडी आधीच पडली. नव्या वर्गात पारा पाचावर होता. मुलं हातमोजे घालून लिहीत होती. अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी फाकली होती. मी वही काढली. दुसरा आकडा आणायला मुलांना घेऊन मानथांगच्या घरी गेलो. महिनाभर तो माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हता. मुलांकडे पाहून त्याने झोपायच्या उबदार ओट्याखालच्या चुलीत दोन काटक्या जास्त सारल्या आणि राळ्याच्या पेजेचं भांडं पुढे ओढलं.

लान्यिंगने तापमापक वाचला. "चौदा."

"लिही," मी म्हणालो.

मुलं ओट्यावर चढून बसली आणि तिथेच लिहायला लागली. परत चला, असं मी म्हणालो नाही. दाराच्या आत तो दगड ठेवलेला होता, दोरा अजून लाल. त्याच्यावर हातमोज्यांचे अकरा जोड पडले होते.