चंद्री रस्ता ओलांडते

रोज सकाळी पावणेनऊला चिमाबाईंची म्हैस रस्ता ओलांडायची आणि तिच्या आडोशानं अर्धी सोसायटी ओलांडून घ्यायची.

हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तळवडे-चाकण रस्त्याच्या अलीकडे भोकरवाडीचे नवे अकरा मजली टॉवर आणि त्यांच्या भिंतीला चिकटून चिमाबाईंचा गोठा. पलीकडे बालवाडी, दवाखाना, कंपन्यांच्या बस थांबायची जागा आणि नदीकाठची उरलीसुरली गवताची पट्टी. मधे रस्ता. त्यावर कंटेनर, पाण्याचे टँकर आणि हजेरी गाठायला सुटलेल्या दुचाक्या यांची रांग दिवसभर तुटत नसे. सिग्नलचा खांब उभा राहून वर्ष झालं होतं, दिवे यायचे होते. खांबावर वाढदिवसांचे फ्लेक्स मात्र वेळच्या वेळी यायचे.

अशा रस्त्यावर चंद्री पाय टाकायची. बिचकणं नाही, थबकणं नाही. शेजारी हातात दावं धरलेल्या चिमाबाई, तोंडानं "चल गं चंद्रे, चल". आणि माणसासाठी हॉर्नखेरीज काही खर्च न करणारा चाळीस फुटी कंटेनर गुमान उभा राहायचा. म्हशीच्या कडेकडेनं दप्तरं, डबे, लॅपटॉपच्या बॅगा, गुडघे धरून चालणारे निवृत्त लक्ष्मणराव मास्तर, असा सगळा जथा पलीकडे जायचा. पलीकडे पोचल्यावर म्हशीला कुणी थँक यू म्हणत नसे. म्हणायची ती फक्त मित्रा.

मित्रा ही आम्रपालीची साडेतीन वर्षांची लेक. तिला बालवाडीत घातल्यापासून आम्रपालीही या जथ्यात सामील झाली होती. माहेर दापोडीचं, रेल्वेच्या रुळांशेजारी वाढलेली ही मुलगी. चाकांना भिणारी नव्हती. पण रेल्वे बिचारी आपल्या रुळावरून येते, कुठून कुठं जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. या रस्त्याचं तसं नव्हतं. गेल्या महिन्यात एक दिवस उठायला उशीर झाला, चंद्री पुढे निघून गेली, आणि आम्रपाली एकटीच लेकीला कडेवर घेऊन उतरली. अर्ध्यात पोचली, डावीकडून टँकर दिसला, ती मागं पळाली. मागं पळताना मित्राच्या पायातला गुलाबी बूट पडला. काठावरून दोघींनी पाहिलं, बुटावरून एकामागून एक किती चाकं गेली ते. मित्रा रडली नाही. तिनं विचारलं, "आई, तो आता चप्पल झाला का?"

त्यानंतर आम्रपाली म्हशीशिवाय कधी उतरली नाही.

आणि बुधवारी चिमाबाईंनी सांगितलं, चंद्री शनिवारी जाणार.

"कुठं जाणार?" आम्रपालीला आधी समजेचना.

"लेकीकडं, मावळात. तिकडं अजून गवात हाय." चिमाबाई शेणाची पाटी खाली ठेवत म्हणाल्या. "हितं काय ऱ्हायलंय, पोरी? गायरानात गोडाऊन झालं. नदीच्या पाण्याला ती आता तोंड लावत न्हाई. तुमच्या टावरवाल्यांनी वासाचा अर्ज दिलाय तो येगळाच. हिंदुराव म्हनतो, आये, गोठा पाडू, भाड्याच्या खोल्या काढू. लेकच तो, किती दिस न्हाई म्हनायचं?"

आम्रपाली बोटांवर दिवस मोजू लागली. म्हशीसाठी नव्हे, अगदी खरं सांगायचं तर स्वतःसाठी. सोमवारी ती पुन्हा कामावर रुजू होणार होती. तळवड्याच्या एका छोट्या कारखान्यात ती सुटे भाग तपासायची. मित्राच्या जन्माआधी सुटलेलं काम चार वर्षांनी त्याच टेबलावर परत मिळत होतं. सगळं जुळवलेलं: सकाळी मित्राला बालवाडीत सोडायचं, तिथूनच नऊ वाजून पाचची बस. दुपारी शेजारच्या चाळीतली दीपमाला आपल्या गणराजबरोबर मित्रालाही घरी आणणार. नवरा बुद्धभूषण एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, त्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरती, त्याच्यावर विसंबून चालणार नव्हतं. जुळवाजुळवीत तिनं सगळं धरलं होतं, फक्त म्हैस धरली नव्हती. ती असणारच होती.

"आजी, एक विचारू? गाड्या चंद्रीसाठी थांबतात कशा?"

चिमाबाई हसल्या. "आता मला काय ठावं? मी काय गाडी चालवती व्हय? लगीन होऊन आले तवा ह्या रस्त्यावर दिवसाला एक येष्टी यायची. डायवरला गावातली समदी म्हसरं नावानं ठावं व्हती. म्हशी बसल्या असल्या तर उतरून इडी वढत बसायचा. तवापास्नं थांबत्यात म्हन."

हे उत्तर गोड होतं, पण आजच्या ड्रायव्हरांना लागू पडेना. आम्रपालीचं डोकं तपासनीसाचं. माल नापास का झाला हे कळल्याशिवाय तिला जेवण जात नसे. इथं तर माणसं नापास होत होती आणि म्हैस पास.

गुरुवारी सकाळी ती खाली उतरलीच नाही. मित्राला दीपमालाबरोबर म्हशीच्या ताफ्यात धाडून दिलं आणि स्वतः पाचव्या मजल्याच्या बाल्कनीत उभी राहिली. रात्रपाळी करून आलेला बुद्धभूषण डोळे चोळत मागं आला.

"काय बघतेस?"

"म्हैस."

"पाच वर्षांत मला एवढं टक लावून बघितलं नाहीस."

"तुम्ही एवढे सरळ चाललात का कधी?" ती म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर थबकली. काहीतरी हाताला लागतंय असं वाटलं आणि निसटलं.

वरून एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसली. चंद्रीसाठी कुणी करकचून ब्रेक मारत नव्हतं. गाड्या लांबूनच हळू होत होत्या. ती निघून गेल्यावर कॉलेजची दोन पोरं उतरली तेव्हा मात्र हॉर्न, ब्रेक, शिव्या, सगळं झालं. म्हणजे चंद्रीची खबर ड्रायव्हरला आधीच लागत होती. कशानं?

"घंटा!" आम्रपाली मोठ्यानं म्हणाली. "गळ्यातली घंटा!"

"मी झोपतो," बुद्धभूषण म्हणाला.

दुपारी तिनं चिमाबाईंकडून जुनी पितळी घंटा मागून आणली, पिशवीच्या बंदाला बांधली आणि एकटीच रस्त्याच्या काठावर उभी राहिली. टण टण, टण टण. कंटेनर गेला. टँकर गेला. एका स्कूटरवाल्यानं तेवढा वेग कमी केला आणि विचारलं, "ताई, आरती कुठंय?"

घरी येऊन तिनं घंटा काढली तेव्हा कान लाल झाले होते. बंद काचेच्या, गाणी लावलेल्या केबिनमध्ये घंटा ऐकू जाणार कशी, हा विचार आधी यायला हवा होता. मित्रानं ती घंटा गळ्यात घातली आणि संध्याकाळभर घरातल्या घरात म्हैस होऊन फिरली.

शुक्रवारी दीपमालाचा नवरा ज्योतीराम गाडीवरून परत आला. तो कंटेनर चालवायचा, चाकणहून बंदरापर्यंत. मूळचा लातूरकडचा. चार दिवसांनी घरी आलेला माणूस, दाढी करायला आरसा खिडकीत अडकवून बसला होता. आम्रपाली दारात उभी राहिली.

"भाऊजी, एक विचारायचं होतं. राग नाही ना येणार?"

"विचारा की."

"तुम्ही म्हशीसाठी थांबता. माणसासाठी का नाही थांबत?"

आतून दीपमाला खुदकन हसली. "बाई, तीन दिवस झालं ही म्हशीमागंच लागायलीय."

ज्योतीरामनं वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालावर फेस तसाच. "ताई, थांबायला आम्हाला काय हौस नसती का? पाठीवर वीस-पंचवीस टन माल असतोय. ब्रेक दाबला की गाडी जाग्यावर उभी ऱ्हात नाही, लांबून तयारी करावी लागती. आता म्हैस बघा. उतरली की उतरली. एका चालीनं जाती. मला लांबूनच कळतंय, मी पोचेपर्यंत ती कुठं असंल. तसा हिशेब धरून मी एक्सलेटरवरचा पाय काढतो. आणि माणूस? माणूस पुढं येतंय, फोन बघतंय, थांबतंय, मला बघून मागं पळतंय. मी त्याच्या मागून जावं म्हणून गाडी वळवली की ते मागंच आलेलं असतंय." त्यानं कपाळाला हात लावला, कपाळालाही फेस लागला. "काळजाचं पाणी होतंय, ताई. मग हॉर्न दाबायचा, दुसरं काय करावं?"

आम्रपालीला गुलाबी बूट आठवला. टँकर कदाचित तिच्या मागून निघून जाणार होता आणि ती मागंच पळाली होती.

"आणि खरं सांगू का," ज्योतीराम पुन्हा आरशाकडे वळत म्हणाला, "म्हशीला धडकलं तर माझाच रेडिएटर फुटतोय."

शनिवारी टेम्पो आला. चिमाबाईंनी चंद्रीला भाकरी चारली, कपाळ कुरवाळलं आणि गळ्यातलं दावं सोडून घेतलं, कारण लेकीनं नवं पाठवलं होतं. रडल्या नाहीत. मित्रानं टेम्पोच्या फळीतून हात घालून शिंगाला हात लावला आणि नेहमीसारखं "थँक यू, चंद्री" म्हटलं, तेव्हा मात्र त्या तोंड फिरवून गोठ्यात गेल्या. टेम्पो रस्त्याला लागला आणि पुढच्या चौकात वीस मिनिटं अडकून राहिला. चंद्री जन्मात पहिल्यांदा ट्रॅफिकमध्ये सापडली होती.

सोमवारी पावणेनऊला गेटपाशी जथा नेहमीसारखाच उभा होता, फक्त पुढारी नव्हता. लक्ष्मणराव मास्तर दोनदा पुढं झाले, दोनदा मागं आले. "आता रिक्षा करून पुढच्या चौकातून वळून यायचं," कुणी म्हणालं. डब्याची पिशवी खांद्याला लावून, मित्राचा हात घट्ट धरून आम्रपाली उभी होती. नऊ पाचची बस कुणासाठी थांबत नसे. आज चुकली तर उद्या चुकणार, परवा सुपरवायझर विचारणार, आणि ते टेबल पुन्हा दुसऱ्या कुणाचं होणार.

तेवढ्यात तिला चिमाबाई दिसल्या. गोठ्याच्या दारात, रोजच्याच वेळी, रोजच्यासारखा पदर खोचून. हातात मोकळं दावं. वेळ झाली म्हणून पाय बाहेर आले होते, आणि आता त्यांना काय करायचं ते कळत नव्हतं.

आम्रपाली त्यांच्याजवळ गेली. "आजी, चला."

"कुठं?"

"पलीकडं. आम्हाला घेऊन चला."

"येडी का खुळी? म्हस कुठं हाय?"

"आम्ही आहोत ना." तिनं दाव्याचं दुसरं टोक मागं नेलं. "सगळ्यांनी हे धरायचं. मास्तर, तुम्ही मधे. दीपमाला, तू शेवटी. फोन खिशात. कुणी पळायचं नाही आणि मेलं तरी मागं फिरायचं नाही."

"मेलं तरी काय म्हणायलीस, सकाळी सकाळी!" दीपमाला ओरडली, पण तिनं गणराजला मधे घेऊन दावं धरलं. लॅपटॉपवाला पोरगा दाव्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, लोक व्हिडिओ काढतील." मास्तर म्हणाले, "काढू दे. धर." दावं दहा-बारा हातांना पुरण्याएवढं लांब नव्हतं, मग मागच्यांनी पुढच्यांची पिशवी धरली.

चिमाबाईंनी एकदा सगळ्या वरातीकडे पाहिलं. तोंडाला पदर लावला. मग पदर काढला, आणि त्यांची मान रस्त्याकडे वळली ती मात्र नेहमीसारखी. "जवळच्या गाड्या जाऊ द्या," त्या हळूच म्हणाल्या. "लांबचा पांढरा कंटेनर दिसतोय? त्याला आपून दिसलो पायजे. अजून न्हाई... अजून न्हाई... हां. आता."

आणि त्या उतरल्या.

आम्रपालीला वाटलं होतं आपण डोळे मिटून घेऊ. पण तिचे डोळे उघडे राहिले, तिला बघायचं होतं. तिनं कंटेनरकडे पाहिलं नाही; चिमाबाईंच्या टाचांकडे पाहिलं. भेगाळलेल्या टाचा, एका लयीत, ना कमी ना जास्त. डावीकडून घरघर वाढत आली. पायाला मागं फिरायची सवय होती, तो वळवळला. तळहातातलं दावं खरखरलं, त्याला अजून चंद्रीचा वास होता.

मग घरघर खाली येऊ लागली. करकचून नव्हे. लांबून, पायरी पायरीनं, बाल्कनीतून गाड्या हळू होताना दिसल्या होत्या तशीच. पांढरा कंटेनर उभा राहिला. त्याच्यामागं टँकर, त्याच्यामागं सगळा रस्ता. केबिनमधला ड्रायव्हर पुढं वाकून काचेतून बघत होता. दाव्याला धरलेली एवढी माणसं आहेत, मग म्हैस कुठं आहे, हे तो शोधत असावा.

निम्म्यात आल्यावर आम्रपालीची चाल नकळत जरा मंदावली. तिची नजर उभ्या राहिलेल्या कंटेनरवर खिळली होती. तेवढ्यात तिच्या मांडीवर एक छोटी चापटी बसली.

"चल गं चंद्रे," मित्रा खालून म्हणाली. "चल."