उदयसिंहसाहेबांचे बारा तास

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढत नाही, पायरीखाली बसते. सोलापूरच्या कोर्टाच्या आवारात झाडाखाली माझं टेबल आहे आणि तेवीस वर्षं मी तिथं वकिलांचे अर्ज टाइप करते. त्यातले निम्म्याहून जास्त अर्ज एकाच जातीचे, मुदतीचे. हा अर्ज माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयारच असतो, कारणाची जागा तेवढी मोकळी ठेवलेली. वकीलसाहेब आजारी, वकीलसाहेब परगावी, वकीलसाहेबांच्या घरी कार्य. एका वकिलाच्या मुलीचं लग्न मी एका वर्षात दोनदा लावलंय. मुलगी अजून दहावीत आहे.

अर्जाखाली समोरच्या वकिलानं ‘हरकत नाही’ लिहून सही करायची, की काम झालं. आज तू लिही, उद्या मी लिहितो. शेजारणी विरजण मागतात तसा हा व्यवहार. ज्याची केस आहे त्याला कोणी विचारत नाही.

नागप्पा बिराजदारांना तर अकरा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मंद्रूपचा माणूस, चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर. रिटायर होऊन शेतात जायला निघाले, तर चुलतभाऊ सिद्धूनं वाटेवर काटेरी कुंपण घातलेलं. म्हणे इथं वाट कधी नव्हतीच. तेव्हापासून शेतात जायचं तर ओढा उतरून, दगडांवरून, मैलभर फिरून. नागप्पा जायचे. त्यांच्या बायकोचे, गंगम्माचे गुडघे गेलेले. तिनं चार वर्षांत स्वतःचं शेत पाहिलेलं नव्हतं. दर तारखेला नागप्पा घरी गेले की ती दारातच विचारायची, "वाट सुटली का?" आणि हे सांगताना नागप्पा माझ्या टेबलाच्या कडेकडे बघत बसायचे.

त्यांचे वकील उदयसिंह साळुंखे. माणूस वाईट नाही. गोड बोलणार, चहा पाजणार, आणि तारीख घेणार. गेली अडीच वर्षं दावा एकाच ठिकाणी अडला होता. सिद्धूची उलटतपासणी घ्यायची, बास. पण सिद्धूचे वकील सोमेश हत्तुरे मुदत मागायचे आणि उदयसिंहसाहेब खाली ‘हरकत नाही’ लिहायचे. अशा एकोणीस मुदती. एकोणीसही अर्ज मीच टाइप केलेले.

आणि त्या वर्षी वरून फर्मान आलं. प्रत्येक वकिलानं वर्षाला बारा तास शिकायचं. कायदे बदलतात, वकील बदलत नाहीत, म्हणून. तास भरले नाहीत तर वकिलीची सनद अडकणार. शिकवायचं काम ‘विधिज्ञ प्रबोधन मंडळ’ नावाच्या मंडळाकडं. चार रविवार, रोज तीन तास, मध्ये उप्पीट आणि चहा. आवारात असा आक्रोश झाला, जणू बारा तासांची कैदच झाली. तीस-तीस वर्षं दुसऱ्याच्या शिक्षेवर बोलणारी माणसं ही!

उदयसिंहसाहेबांनी नागप्पांना माझ्या टेबलापाशीच गाठलं.

"नागप्पा, एक काम करा. चार रविवार माझ्या जागी बसा. तुम्ही कोर्टात इतकी वर्षं येताय, कोण वकील नाही म्हणेल?"

"हे बरं दिसतंय का साहेब? मी आन् वकील?"

"तुमच्याच केसची तयारी करायला मला वेळ मिळेल की."

तयारी म्हणजे रविवारचं मटण आणि नंतरची झोप. हे मला माहीत होतं, नागप्पांनाही माहीत असावं. पण वकिलाला नाही कसं म्हणायचं? डॉक्टरला आणि वकिलाला गरजू माणूस नाही म्हणत नाही. साहेबांनी आपला जुना काळा कोट दिला, गळ्यात बांधायचा पांढरा बँड दिला, ओळखपत्रही दिलं. त्यावरचा फोटो सनद मिळाली तेव्हाचा. त्यातला माणूस आता कोणासारखाच दिसत नव्हता, अगदी साहेबांसारखासुद्धा.

हॉलमध्ये हजेरी लिहायचं काम मंडळानं मलाच दिलं होतं. पहिल्या रविवारी नागप्पा आले, माझ्याकडं बघून कानापर्यंत लाल झाले. मी मुकाट्यानं साळुंखेंच्या नावापुढं बरोबरची खूण केली. करणार काय? कोणी मेव्हणा पाठवलेला, कोणी कारकून, सोमेश हत्तुरेंच्या जागी त्यांचे सासरे. खरे वकील होते ते मागच्या रांगेत झोपलेले. सगळी अळीमिळी गुपचिळी.

जागे होते ते एकटे नागप्पा. त्यांनी दोनशे पानी वही आणली होती. तिकिटाच्या पैशाला पैसा जुळवण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याला अर्धवट ऐकणं जमतच नाही. चार रविवारांत त्यांनी वही भरत आणली. त्या हॉलमध्ये शिक्षण झालेला तो एकमेव माणूस, आणि त्याला सनद नव्हती.

तिसऱ्या रविवारी नव्यानं बदलून आलेल्या न्यायाधीश मॅडम व्याख्यानाला आल्या. विषय होता मुदती. कायद्यात लिहिलंय म्हणाल्या, सुनावणी चालू असताना एका बाजूला तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत. नागप्पांनी हात वर केला. मी मनात म्हटलं, हात दाखवून अवलक्षण.

"मॅडम, समोरच्याला एकोणीस मुदती मिळाल्या आणि आपल्याच वकिलानं एकोणीस वेळा हरकत नाही म्हणून लिहिलं, तर पक्षकारानं काय करायचं?"

ते शक्य तितकं शहरी बोलत होते. मॅडम त्यांच्याकडं वळल्या.

"पक्षकारानं उभं राहून सांगावं, मला हरकत आहे. कोर्ट ऐकेल. आपलं नाव?"

नागप्पांनी छातीवरचं ओळखपत्र पाहिलं आणि वाचल्यासारखं म्हणाले, "उदयसिंह साळुंखे."

"साळुंखेवकील, असा प्रश्न एका वकिलानं विचारावा याचा मला फार आनंद झाला."

टाळ्या पडल्या. झोपलेल्यांनीही जागं होऊन वाजवल्या. महिनाअखेर मंडळाकडून साहेबांना बारा तासांचं प्रमाणपत्र आलं आणि वर ‘उत्कृष्ट प्रशिक्षणार्थी’ म्हणून एक मानपत्र. साहेबांनी ते ऑफिसात खुर्चीमागं लावलं. लाज म्हणून काही असते, तिला त्यांच्या ऑफिसात बसायला जागा नसावी.

मार्चच्या शेवटी नागप्पांच्या दाव्याची तारीख लागली, त्याच नव्या मॅडमसमोर. सकाळीच सोमेशवकील माझ्याकडं हजर.

"मुदतीचा अर्ज काढा पटकन. कारण लिहा, वकील अनिवार्य प्रशिक्षणाला जाणार असल्यामुळे."

त्यांच्या सासऱ्यांकडं एका रविवारी पाहुणे आले होते. तीन तास कमी पडले म्हणून मंडळानं त्याच दिवशी दुपारी खास वर्ग ठेवलेला, आणि सासरे गावी, म्हणून जावयाला स्वतःच जाणं भाग. विषय विचारला तर म्हणाले, "दाव्यांचा जलद निपटारा." चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मी टाइप केलं. विसावा अर्ज. उदयसिंहसाहेबांनी उभ्याउभ्या ‘हरकत नाही’ लिहिलं.

नागप्पा बाजूला उभे होते. कागद गेल्यावर म्हणाले, "वैजयंताबाई, आज जरा आत येता का?" इतक्या वर्षांत या माणसानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी टेबल तसंच टाकून गेले.

मॅडमनी अर्ज वाचला, खालची सही पाहिली, आणि पेन उचललं.

"मला हरकत हाय," मागच्या बाकावरून आवाज आला.

मॅडमनी वर पाहिलं. चेहरा उजळला त्यांचा. "अरे, साळुंखेवकील! तुम्ही मागं का बसलात? आणि हरकत आहे, तर हरकत नाही म्हणून सही कशी केलीत?"

पुढं टेबलापाशी उदयसिंहसाहेब उभे, मागं नागप्पा उभे. साहेबांनी मान वळवून नागप्पांकडं पाहिलं. ती नजर मी कधी विसरणार नाही. अकरा वर्षं नागप्पा त्यांच्याकडं जसे बघत होते, तसेच आता साहेब बघत होते.

"मॅडम, साळुंखेवकील हे पुढचे," नागप्पा म्हणाले. "मी नागप्पा बिराजदार, दावा माजा हाय. त्या हॉलात मी त्येंच्या नावावर बसलो. चौतीस वर्सं लोकांची तिकिटं तपासली आन् म्हातारपणी बिनतिकिटाचा फिरलो. काय दंड असंल तो करा. पर तारीख देऊ नका."

मॅडमचा चेहरा उतरला. आधी रागावल्या, मग उदयसिंहसाहेबांना म्हणाल्या, "तुमचा अहवाल वर जाईल. बसा खाली." मग नागप्पांना म्हणाल्या, "तुमच्याबद्दल काय करायचं ते मी नंतर बघते. पण या वकिलांना आता तुमच्या वतीनं उभं राहू देणं बरं नाही. नवीन वकील बघा. त्यासाठी तुम्हाला मुदत द्यावी लागेल."

सोमेशवकील टुणकन उठले. "आमची काही हरकत नाही, मॅडम."

मला इतका संताप आला की त्यांच्या डोक्यात फाइल घालावी. खरं बोललेल्या माणसाला बक्षीस काय, तर तारीख! नागप्पा मात्र शांत होते.

"वकील नगं. मीच इचारतो. पक्षकाराला सोता चालवता येतंय, दुसऱ्या रविवारी शिकवलंय."

मॅडम म्हणाल्या, तसं लेखी द्या. मी पायऱ्या दोन-दोन करून खाली पळाले. नागप्पांसाठी मुदतीचा नसलेला पहिला अर्ज टाइप केला, दोनच ओळींचा. वर आले तेव्हा धाप लागली होती. मुदत नामंजूर झाली होती आणि खाली चहा पीत उभ्या असलेल्या सिद्धूला शिपायानं आणून पिंजऱ्यात उभं केलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं.

नागप्पा वही न उघडता पुढं गेले.

"सिद्धू, तू सोलापुरात कामाला होतास. गावाकडं कशानं येत होतास?"

"यष्टीनं."

"कंडक्टर कोण आसायचं?"

"तूच की, आण्णा."

"गावाच्या ष्टँडवर उतरत होतास का?"

"न्हाई. आलीकडं, माळाच्या वळनाला. तू घंटी देऊन गाडी थांबवायचास."

"तितं थांबा न्हवता. मग का थांबवायचो?"

"वस्ती जवळ पडायची म्हनून."

"वळनापासनं वस्तीपत्तर कुटनं जात होतास?"

सोमेशवकील उठायला लागले. मॅडमनी हातानंच बसवलं.

सिद्धूनं एकदा वकिलाकडं पाहिलं, एकदा नागप्पांकडं. "वाटंनं," तो म्हणाला.

"तू हितं लिहून दिलंयस की वाट कंदी न्हवतीच. तीच का ही वाट?"

"व्हय आण्णा. तीच."

"पोतं जड आसलं तर मी खाली उतरून तुज्या डोक्यावर चढवून देत होतो का न्हाई?"

सिद्धूनं मान खाली घातली. "देत होतास."

"झालं मॅडम. आनकी काय न्हाई."

मी घड्याळ पाहिलं. सव्वाबारा. मॅडम लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी युक्तिवाद आणि निकालासाठी आठवडा दिला. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला माझीच लाज वाटली. पाच मिनिटांचं काम, आणि ते होऊ नये म्हणून मी वीस अर्ज नीट समास सोडून, शुद्धलेखन तपासून काढून दिले होते.

मंडळाचं म्हणाल, तर प्रमाणपत्र मागं घेण्याची त्यांच्या नियमांत तरतूद नाही. म्हणून चौकशी समिती नेमली. समितीनं साहेबांकडं खुलासा मागितला आणि साहेबांनी खुलाशाला मुदत मागितली. तो अर्ज टाइप करायला मी नकार दिला. त्यांनी पलीकडच्या टेबलावरून करून घेतला.

पण हे नंतरचं. त्या दिवशी साहेब पायऱ्यांवर नागप्पांच्या मागं धावत आले. रागावलेले नव्हते, खरोखर चक्रावलेले होते.

"नागप्पा, सिद्धू तुमच्याच गाडीनं यायचा, त्याच वाटेनं जायचा, हे एवढं मोठं तुम्ही मला कधी सांगितलं कसं नाही?"

नागप्पांनी काळा कोट पिशवीतून काढला. घडी घालून, बँड वर ठेवून साहेबांच्या हातात दिला.

"तुमी इचारलं न्हाई की साहेब," ते म्हणाले. "आकरा वर्सं नुसती तारीख सांगितली."

आणि दीडची मंद्रूप गाडी होती, म्हणून ते भराभर चालू लागले. घरी गंगम्मा दारात बसली असेल म्हणाले.