दंडावरची गांध

दाण्याच्या कुटानं कधी कुणी मरत नसतं, असं लंकाबाईंचं ठाम मत. पाथर्डीकडच्या त्यांच्या गावात कालवणात कूट नाही असं घर दाखवा आणि बक्षीस घ्या! पण एकाहत्तर साली सून आली पुष्पावती, आणि ती कुटाचं कालवण दिसलं की मागं सरायची. ओठ सुजतात म्हणे, अंगावर गांधी उठतात म्हणे. लंकाबाईंना तो आपल्या हाताचा अपमान वाटला. "सोंग हाय सगळं," असं त्या चारचौघांत सांगत सुटल्या.

मग एका दुपारी पुष्पावती जेवता जेवता कोसळली. तोंड सुजलं, श्वास कोंडला. नवऱ्यानं, कानिफनाथनं, तिला मिळेल त्या जीपमध्ये घालून पाथर्डीला डॉक्टरांकडं नेलं, म्हणून वाचली.

ती सावरल्यावर डॉक्टर मागोमाग आलेल्या लंकाबाईंना आणि कानिफनाथला म्हणाले, "दाण्याचीच बाधा असेल तर तिच्या रक्तात तशी खूण असणार. पण तिच्या अंगावर परीक्षा करणं जिवावरचं काम. तिच्या रक्तावरचं पिवळं पाणी थेंबभर दुसऱ्या कुणाच्या कातडीत टोचू आणि परवा तिथं दाण्याचा अर्क लावू. खूण असली तर त्याच जागी गांध उठेल."

"माज्या दंडात टोचा," लंकाबाई तावातावानं पुढं झाल्या. "काय उठलं न्हाई, तर ही माहेरी. कायमची."

आईपुढं कानिफनाथचं कधी चाललं होतं?

"परवापर्यंत दाणा तोंडात घालू नका," टोचून झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं. "खाल्लेला दाणाही रक्तातून त्या जागी पोचतो, परीक्षा वाया जाईल."

दुसऱ्या दिवशी सोमवार, लंकाबाईंचा उपवास. भगर आणि दाण्याची आमटी नेहमीच्या सवयीनं त्यांनी रांधली आणि ओरपलीही. डॉक्टर आठवले तेव्हा वाटी रिकामी झाली होती. "आसू दे," त्या हसल्या. थोड्या वेळानं दंड खाजायला लागला. चोळीची बाही वर सारून बघतात तर टोचल्या जागी लालभडक गांध! बाकी अंगावर कुठं काही नाही.

म्हणजे पोरीचं सोंग नव्हतं. सून कोसळली त्या दुपारी तिच्या कालवणात मूठभर कूट त्यांनीच मिसळला होता, सोंग पकडायला. शरमेनं त्यांचे कान तापले. पोरीला आपण मारतच होतो की! पण ही गांध कुणी पाहिली नव्हती. उद्यापर्यंत गांध बसेल, परीक्षा फुकट जाईल, सून माहेरी जाईल आणि आपला शब्द राहील, असंही मनात येऊन गेलं. त्यांनी पदर दंडावर ओढून घेतला आणि आतून खाजवू लागल्या.

"खाजवू नका, आत्या. आनखी पसरतं."

पुष्पावती दारात उभी होती. तिनं माठातल्या पाण्यात फडकं भिजवलं, सासूचा पदर बाजूला केला आणि ते गांधीवर ठेवलं. लंकाबाईंना तिच्याकडं बघवेना.

"त्या दिशी कूट मीच घातला हुता," त्या कशाबशा बोलल्या.

"ठावं हाय. वास आला हुता."

"मग खाल्लंस कशाला, बये?"

"तुमी वाढलं हुतं."

लंकाबाई उठल्या, बाही वर खोचली आणि उघड्या दंडानं, सगळ्या आळीला दिसेल अशा, अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

"कानिफा," त्यांनी हाक मारली, "चल डाक्टरकडं. ही गांध बसायच्या आत दावायची हाय."