तिसरा पाय कुठे जोडलाय?

मित्रांनो, माझ्या पत्र्याच्या पेटीत ट्रान्झिस्टर फक्त तीन, पण चोवीस वर्षं मी कोरियातल्या जेजू बेटावरच्या एका किनाऱ्याला आवाज पुरवला. मी गावच्या भोंग्याचा ॲम्प्लिफायर. गावप्रमुख को काका माईकवर बोलत आणि मी ते बोलणं पार समुद्रापर्यंत पोचवत असे. भोपळ्याच्या आधाराने तरंगत, डुबक्या मारून शंख-शिंपले काढणाऱ्या बाया माझ्या हाकेवर परत फिरत.

एका वसंतात माझा आवाज बसला. शहरातला कारागीर म्हणाला, "शेवटचा ट्रान्झिस्टर मेलाय. व्होल्टेज वाढवतच नाही." त्याने तो दोनदा बदलला, तरी मी घोगराच. "भंगारात द्या," म्हणून तो निघून गेला.

त्याच दुपारी वारा फिरला. अकरा बाया पाण्यात होत्या. रेडिओच्या कारखान्यात काम करून गावी परतलेली जोम-रे धावत आली. तिची आई त्या अकरांत होती.

तिने माझं झाकण उघडलं आणि आपलं मीटर आत लावून पाहिलं.

"अगं, शेवटचाच खराब आहे. कारागीर सांगून गेलाय," काका म्हणाले.

"त्यांनी तिसरा पाय बघितलाच नाही, काका. ट्रान्झिस्टरला पाय तीन: बेस, एमिटर आणि कलेक्टर. आवाज बेसमधून आत येतो, एमिटरमधून बाहेर जातो. उरलेला कलेक्टर थेट वीजपुरवठ्याला जोडलाय, तो येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही वाटांना सामाईक. ही कॉमन कलेक्टर जोडणी. याने व्होल्टेज वाढवायचंच नसतं, भोंगा हलवायला बळ द्यायचं असतं. हा ठणठणीत आहे."

तिचं बोट मधल्या ट्रान्झिस्टरवर आलं. "हा बेसमधून घेतो, कलेक्टरमधून देतो. एमिटर सामाईक, म्हणजे कॉमन एमिटर. व्होल्टेज वाढवायचं काम याचं. आणि मीटर सांगतंय, हा काहीच वाढवत नाही."

मित्रांनो, माझं दुखणं कुणाला तरी कळलं होतं! आनंदाने माझी तार न् तार शहारली.

"दुसरा आणायचा कुठून?" म्हणत काकांनी खिशातला लाडका रेडिओ पुढे केला. "यातला चालेल?"

"चालेल. पण हा मुका होईल."

"होऊ दे. बायकोपेक्षा मी याचंच जास्त ऐकतो, असं ती म्हणतेच."

जोम-रेने डाख दिला, बटण दाबलं. काका माईकवर म्हणाले, "वारा फिरलाय. सगळ्या बाहेर या." माझा आवाज खडकांवरून घुमत गेला आणि लाटांवरचे अकरा भोपळे किनाऱ्याकडे वळले.

थोड्या वेळाने तिची आई ओलीचिंब दारात उभी राहिली. "कोण एवढं बोंबलत होतं? कान किटले माझे."

"तुझ्या लेकीची करामत," काका म्हणाले. तिने आपला गार हात माझ्या पत्र्यावर ठेवला.

आता मी शाळेच्या कपाटात असतो. मित्रांनो, एखादा भाग गप्प वाटला तर घाईने कापून टाकू नका. त्याला काम कोणतं दिलंय, ते आधी शोधा. त्या दिवशी कारागिराने निकामी म्हणून काढून नेलेले दोन्ही ट्रान्झिस्टर अगदी धडधाकट होते.