ताटाशेजारी बसलेली कवळी

मी एक जुनी कवळी आहे. हसलात ना, मित्रांनो? खुशाल हसा. चांगले दात काढून हसा, म्हणजे मलाही तुमचे दात नीट बघता येतील! लोक मला पेल्यात बुडवतात, फडक्याखाली झाकतात, पाहुणे आले की कपाटात ढकलतात. चष्मा नाकावर मिरवतात आणि माझी मात्र लाज. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. मी एकटी दोन्ही कामं करते. मी का लाजू?

माझा जन्म दवाखान्यामागच्या एका अरुंद खोलीत झाला. माझ्या बाईंच्या तोंडाचं माप घेऊन कारागिराने आधी मेणाची हिरडी केली, तिच्यात एकेक दात बसवला. मग मेणाच्या जागी गुलाबी, टणक हिरडी आली. त्याने मला इतकं घासूनपुसून गुळगुळीत केलं, की मी जन्मतःच थोडी शिष्ट झाले.

माझ्या बाई बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायच्या. आवाज असा खणखणीत, की पेंगणारा प्रवासीही पिशवी उचलून उभा राहायचा. पण चाळिशी उलटते न उलटते तोच त्यांचे वरचे दात हलू लागले आणि एकामागून एक गेले. त, थ, द, ध ही अक्षरं दातांच्या भरवशावर जगतात, आणि 'स'ला तर दातांशिवाय धीरच होत नाही. भोंग्यातून 'सात'च्या जागी 'फात' ऐकू येऊ लागलं. फलाटावरची टवाळ पोरं नक्कल करू लागली. बाईंनी माईक सोडला आणि सामानाच्या खोलीत काम मागून घेतलं. हसताना तोंडावर हात धरायची सवय त्यांना तेव्हाच लागली.

मग मी आले. सुरुवातीला मी त्यांना टोचले, त्यांनी मला शिव्या घातल्या. तरी रोज न्हाणीघराचं दार लावून त्या सराव करायच्या, "सात वाजताची गाडी सहा नंबरच्या फलाटावर..." एका सकाळी 'स' ताठ उभा राहिला. बाई तडक साहेबांकडे गेल्या आणि आपला माईक परत घेऊन आल्या. ते माझे वैभवाचे दिवस!

आता बाई निवृत्त आहेत. त्यांची हिरडी झिजली, मी सैल झाले. त्या मला रोज ब्रशने, साध्या साबणाने धुतात, थंड पाण्यात निजवतात. पण त्यांच्या मुलाला माझी फार लाज. "आई, चारचौघांत ती काढू नकोस हं. कसंतरीच दिसतं," असं तो दर वेळी बजावतो.

एका रविवारी दुपारी त्याच्या ऑफिसातले वरिष्ठ आणि त्यांच्या पत्नी जेवायला आले होते. जेवण आटोपत आलं होतं. बाईंची नात, चिमी, सफरचंदाची फोड खात होती. तिने चावा घेतला आणि पांढऱ्या फोडीवर लाल ओरखडा उमटला.

"अगं बाई, रक्त?" पाहुण्या बाई दचकल्या.

"काही नाही हो," मुलगा घाईने म्हणाला. "आमच्या घराण्यातच दात कच्चे. आईचे बघा ना, लवकरच गेले. रक्त थांबेपर्यंत ब्रश करू नकोस म्हणून सांगितलंय हिला."

"बरोबर आहे. जखमेवर कशाला घासायचं?" पाहुण्या साहेबांनी मान डोलावली.

बाईंनी तोंडातला घास गिळला. माझ्याइतकं जवळून त्यांना कोणी ओळखत नाही. त्यांचा जबडा आवळला गेला तसं मला कळलं, आता काहीतरी होणार. त्यांनी मला बाहेर काढलं, रुमालावर टेकवलं आणि ताटाशेजारी, सगळ्यांसमोर ठेवलं!

"आई! काय हे? आत जा आधी," मुलगा कुजबुजला.

"नाही जाणार." त, थ, स सगळे घसरत होते, पण त्यांचा एकही शब्द कोणाच्या कानातून सुटला नाही. "घराणंबिराणं काही नाही. माझ्याही हिरड्यांतून रक्त यायचं. मलाही सासूबाईंनी हेच सांगितलं, ब्रश बंद कर. मी बंद केला. ही बघा, ही बसली आहे ताटाशेजारी! चिमीच्या तोंडात मी हिची बहीण येऊ देणार नाही."

मित्रांनो, भर पंगतीत मी उघडी पडले होते, आणि आयुष्यात कधी नव्हे एवढी ताठ होते.

पाहुणे गेल्यावर बाईंनी चिमीला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं काढलं, तसा मुलगा धुमसू लागला. "दात दुखतोय का तिचा? मग डॉक्टर कशाला?"

"तहान लागल्यावर विहीर खणणारा तू," बाई म्हणाल्या. "तू ये किंवा नको येऊ. आम्ही दोघी जाणार."

शेवटी तोही आला. डॉक्टरबाईंनी चिमीचं तोंड तपासलं. "हिरड्या सुजल्यात. दातांच्या कडेला घाण साचून घट्ट झाली आहे, ती मी काढते. पण ब्रश थांबवायचा नाही. मऊ ब्रश, हलक्या हाताने, हिरडीच्या कडेपर्यंत. सकाळी आणि झोपण्याआधी. घाण तशीच राहिली तर रक्त थांबणार कसं?"

एरवी घर डोक्यावर घेणारा मुलगा, पण आता त्याची दातखीळ बसली होती.

"तुझं काय रे?" बाईंनी विचारलं.

"मलाही येतं," तो म्हणाला. "खूप दिवसांपासून. एक दाढही हलते. मला वाटलं, आपल्यात असंच असतं. आता दात गमवायची माझी पाळी."

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मग भ्यायचास कशाला एकटा? बस त्या खुर्चीत."

ती दाढ वाचली नाही. बाकीचे दात वाचले. चिमीच्या ब्रशला लाल रंग लागणं काही आठवड्यांत बंद झालं. आता सकाळी बेसिनपाशी बापलेकीची फेस उडवत भांडणं चालतात, आणि बाई तोंडावर हात न धरता हसतात.

मित्रांनो, बाईंनी मला जन्मभर धुऊन, जपून वापरलं. माझी कसलीच तक्रार नाही. पण मी कितीही देखणी असले तरी तुमच्या दाताची सर मला नाही. रक्त दिसलं तर लपवू नका, आणि "आमच्यात असंच" म्हणणाऱ्याला तोंडावर सांगा, असं काही नसतं. मला तुमच्या घरी आणू नका. मी या घरातली शेवटची कवळी. माझा वंश इथेच बुडाला तरी बेहत्तर!