छतातला फोम

सुतारानं थोरल्या बहिणीची व्हॅन अंगणात लावून घेतली आणि थंडी अडवायला भिंतींत काय भरायचं यावरून दोघांची जुंपली. ताई नुकतीच नोकरीतून मोकळी झाली होती. अख्खा हिवाळा व्हॅनमध्येच राहून बर्फाळ मुलखात हिंडायचं तिच्या मनानं घेतलं होतं. तिला मेंढीची लोकर हवी होती.

"व्हॅनला काय स्वेटर घालायचाय?" तो हसला. "फोमच्या शीट लावू. हलक्या, ओल धरत नाहीत, थंडीला दारातूनच परत पाठवतात. मी माझ्या गाडीला लावल्यात की!"

ताईनं तोंड वाकडं केलं, पण हा त्याचा प्रांत.

शीट मापात कापून झाल्या. उरलेले तुकडे त्यानं पायानंच व्हॅनच्या मागच्या कोपऱ्यात सारले आणि खिडकीसाठी पत्रा कापायला ग्राइंडर लावला. ठिणग्यांचा फवारा उडाला. एरवी विझतात तशा याही विझतील, असं तो धरूनच चालला होता.

"अरे, मागे बघ!" ताई किंचाळली.

तो वळेपर्यंत कोपरा भपकन पेटला होता. ज्वाळा थेट छताला भिडल्या, काळाकुट्ट धूर कोंडला, वितळलेले जळते थेंब टपटप खाली पडू लागले. ताईनं त्याचं बखोट धरून त्याला बाहेर ओढलं आणि नळाची नळी आत सोडली.

आग विझली. त्याच्या भुवया करपल्या होत्या. ताई धापा टाकत पायरीवर टेकली. तो मात्र काळ्या पत्र्याकडे बघत खांबासारखा उभा.

"लागलं का रे कुठे?"

"ताई," तो म्हणाला, "माझ्या गाडीच्या छतात हेच आहे."

ती गाडी घेऊन त्याची बायको सकाळीच दोन्ही पोरींसह डोंगरात गेली होती. आत राहायची सोय आणि शेगडी त्यानंच बसवली होती. शेगडी आणि फोम यांच्यामध्ये एक पातळ फळी, बस्स.

पहिला फोन नुसता वाजत राहिला. दुसऱ्यांदा बायकोनं उचलला. "सूप तापवतेय, नंतर करते."

"शेगडी बंद कर. पोरींना घेऊन खाली उतर."

"अरे, बाहेर बर्फ पडतोय! झालंय काय?"

"उतर म्हणतो ना!"

असा फाटलेला आवाज तिनं त्याचा कधी ऐकला नव्हता. खट्ट झालं, दार सरकलं, धाकटी कुरकुरली. मग बायको हळूच म्हणाली, "उतरलो. शेगडीवरची फळी काळी पडलीय रे. मला वाटलं, वाफेनं असेल."

"शेगडी पेटवू नका. आम्ही निघालोच," सुतार म्हणाला.

ताईनंच आपली रोजची, लहान मोटार काढली आणि त्याला डोंगरात घेऊन गेली. बायको आणि पोरी ताईच्या मोटारीतून परतल्या. तो आपली गाडी एकटा हाकत आला. घरी पोचताच त्यानं छत उचकटलं. काळ्या फळीमागे फोम वितळून तळहाताएवढा खळगा पडला होता. बायकोनं तो पाहिला. धाकटीला कडेवर घेतलं आणि घरात गेली.

दोन्ही गाड्यांत सहसा पेट न घेणारी लोकरच भरली. शेगडी बसवायला मात्र त्याचे हात धजेनात; ती दुसऱ्या कारागिरानं बसवली, मागे आणि वर पत्रा ठोकून, मध्ये मोकळी हवा ठेवून. बायकोनं ती डोंगरात पहिल्यांदा पेटवली तेव्हा सुतार दार सताड उघडं धरून बाहेर बर्फात उभा होता.

"दार लाव ना बाबा, गारठलो!" पोरी ओरडत होत्या. त्यानं काही दार सोडलं नाही.